तीन दाणे मावतील एवढं कापड

माझी मावसबहीण तोक्योजवळ राहते. गेल्या वर्षी तिचा मुलगा तिथल्या बालवाडीत जायला लागला आणि शाळेने तिच्या हातात एक यादी ठेवली. कपबशीतल्या कपाची नव्हे, पण दात घासायच्या कपाची एक पिशवी. डब्याची एक. बदलायच्या कपड्यांची एक. शाळेच्या आत घालायच्या बुटांची आणखी एक. प्रत्येकीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली, आणि आईने घरी शिवलेली असेल तर उत्तम, असा एकंदर सूर. तिने आयुष्यात फक्त गुंडी लावली होती. रात्री साडेदहाला फोन आला, "ताई, नेफा म्हणजे नक्की काय गं? आणि त्यात नाडी घालायची कशी?"

मी म्हटलं, "सेफ्टी पिनेला बांध आणि सरकव. परकराला घालतेस तशी."

"मी परकर घालून किती वर्षं झाली ताई!"

त्या फोनपासून मला या पिशव्यांचा नाद लागला. नाडी ओढली की तोंड मिटतं, अशी साधी बटव्यासारखी पिशवी, आणि तिच्यावर निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने घातलेली नक्षी. हल्ली आपल्याकडेही प्रदर्शनांत, इन्स्टाग्रामवर ‘साशिको बॅग’ म्हणून त्या दिसतात. दिसायला सुरेख असतात, पण त्या नक्षीत नेमकं काय चाललंय हे फार कमी ठिकाणी सांगितलेलं असतं. ते सांगायचा हा प्रयत्न. माझं म्हणणं एवढंच आहे की या पिशवीवरचा टाका सजावटीसाठी जन्मलेला नाही. तो कामाला लागलेला टाका आहे. काय काम करतो ते कळलं की नक्षी आपोआप वाचता येते.

आधी पिशवी.

जपानी किमोनोला खिसे नसतात. माणसं लहानसहान वस्तू बाहीच्या पोकळीत टाकत किंवा कमरेच्या पट्ट्याला टांगत. टांगायची एक सोय म्हणजे नाडीची छोटी पिशवी, तिचं नाव किन्चाकु. पैसे, औषध, देवाचा ताईत, सगळं तिच्यात. आपल्याकडे बटव्याचं जे स्थान, तेच तिथे किन्चाकुचं. इतकं, की खिसेकापूला जुन्या जपानीत किन्चाकु-किरी म्हणजे ‘बटवेकापू’ म्हणत. आजही उन्हाळी जत्रेत युकाता म्हणजे हलका सुती किमोनो घातलेल्या मुलींच्या हातात ती लोंबताना दिसते. ओदेन नावाच्या रस्सेदार पदार्थात तळलेल्या टोफूच्या पापुद्र्यात मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, भरून तोंड बांधून सोडतात, त्यालाही किन्चाकुच म्हणतात. आपल्या मोदकाला कुणी ‘बटवा’ म्हणावं तसं.

तिची थोरली, गावाकडची बहीण म्हणजे कोमेबुकुरो. कोमे म्हणजे तांदूळ, बुकुरो म्हणजे पिशवी. देवळात शिधा द्यायचा किंवा कुणाच्या घरी कार्याला जायचं तर तांदूळ नाहीतर कडधान्य या पिशवीतून नेत. हिचा तळ चौकोनी असतो, त्यामुळे भरली की ती नीट बसते, लोळत नाही. आणि ती जवळजवळ नेहमीच तुकड्यांची असते. जुन्या किमोनोचे, उरलेल्या पट्ट्यांचे, कुठून कुठून जमवलेले चौकोन एकमेकांना जोडून. घरात रोज वापरायचं कापड फाटकं असलं तरी देवापुढे न्यायच्या पिशवीसाठी बायका त्यातल्या त्यात चांगले तुकडे निवडून ठेवत. जुन्या कोमेबुकुरो बघताना हे जाणवतं. एखादा रेशमी तुकडा मुद्दाम दर्शनी बाजूला आलेला असतो.

कोमेबुकुरोला बहुधा नेफा नसतो. तोंडाच्या कडेला कापडाच्या छोट्या फासा शिवलेल्या असतात आणि त्यातून दोरी ओवलेली असते. या फासांना जपानीत ‘चिचि’ म्हणतात. शब्दाचा अर्थ आहे स्तन. मला हे कळलं तेव्हा हसू आलं, पण एकदा फासांची ती गोलसर रांग बघितली की नाव ठेवणारीचं चुकलं असं म्हणवत नाही.

आता दोरीबद्दल, कारण घरी केलेल्या निम्म्या पिशव्या इथेच फसतात. एकच नाडी घातली आणि एकाच बाजूने ओढली, तर सगळ्या चुण्या त्या बाजूला गोळा होतात, तोंड तिरपं मिटतं आणि पिशवी हातात धरली की हळूहळू सैल पडते. म्हणून दोन दोऱ्या. पहिली उजवीकडून आत शिरते, पूर्ण फेरी मारते आणि उजवीकडेच बाहेर येते. दुसरी डावीकडून निघून डावीकडे परतते. दोन्ही हातांनी विरुद्ध दिशांना ओढलं की तोंड मधोमध मिटतं. वजन पडलं की दोऱ्या एकमेकींना आणि कापडाला आवळतात, त्या घर्षणामुळे तोंड मिटलेलंच राहतं. गाठ मारावी लागत नाही. उघडताना मात्र तोंडात दोन बोटं घालून फाकवलं की झालं.

इथवर शिवणकाम. भरतकामाची गोष्ट जास्त खोल आहे आणि ती थंडीपासून सुरू होते.

‘साशिको’चा शब्दशः अर्थ बारीक टोचे. तंत्र म्हणून बघाल तर तो आपला धावदोराच आहे. सुई खाली, सुई वर, सरळ रेषेत. गोधडीला घालतो तोच. ज्याला गोधडी शिवता येते त्याला साशिकोत शिकण्यासारखं हाताला काही नवं नाही, डोळ्याला आहे.

जपानच्या मुख्य बेटाचं उत्तर टोक म्हणजे आजचा आओमोरी प्रांत. तिथे बर्फ पुरुषभर पडतो. कापसाला लांब, उबदार मोसम लागतो, त्यामुळे तिथे कापूस पिकत नाही. पिकायचं ते अंबाडीसारखं वाखाचं झाड, आणि त्याचं कापड. हे कापड मजबूत, पण विणीत भोकं राहतात आणि तंतू गुळगुळीत असल्याने हवा धरून ठेवत नाहीत. कोकणच्या उन्हाळ्यात असं कापड वरदान वाटेल. उणे तापमानात ते म्हणजे अंगावर चाळणी. त्यात भर सरकारची. तिथल्या त्सुगारु संस्थानाने १७२४ साली काटकसरीचे नियम काढले, शेतकऱ्याने काय नेसावं हेही त्यात ठरवून दिलं. सुती कपडा त्याच्या वाट्याला नव्हता, वाखाचंच कापड.

मग बायकांनी वाट काढली. सुती कापड नाही तर नाही, सुती दोरा तरी? पुढे दक्षिणेकडून येणाऱ्या व्यापारी गलबतांतून जुनं सुती कापड आणि सूत उत्तरेत पोचायला लागलं. तो पांढरा दोरा वाखाच्या निळ्या कापडाच्या भोकांतून इतका दाट भरायचा की कापड जाड व्हावं, वारा अडावा आणि खांद्यावर ओझ्याची दोरी घासली तरी झिजू नये. बघा म्हणजे, दोऱ्यानेच दुसरं कापड विणून पहिल्यावर बसवलं. याला कोगिन म्हणतात. जुन्या कोगिन अंगरख्यांवर नक्षी फक्त खांदा, छाती आणि पाठीचा वरचा भाग इथेच असते. खालचा भाग कोराच. जिथे ओझं आणि थंडी, तिथे टाका.

दक्षिणेकडच्या यामागाता प्रांतातल्या शोनाई भागातही हेच दिसतं. तिथल्या लोकांना बर्फावरून घसरगाडी ओढावी लागे. दोरखंड छातीवरून तिरका जायचा. त्यांच्या अंगरख्यावर नेमक्या त्या पट्ट्यात दाट टाके आहेत, बाकी ठिकाणी विरळ. आणि एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, अग्निशामकांचे कोट तर कापडाचे थर एकत्र टाचून केलेले. आगीत शिरण्यापूर्वी ते पाण्यात भिजवत. टाचलेले थर पाणी धरून ठेवत. आतल्या बाजूला वाघ-ड्रॅगनांची भारी चित्रं असत, आणि आग विझवून झाली की काही जण कोट उलटा करून मिरवत निघत.

कोगिनचं गणित समजायला अवघड वाटतं, पण दारात ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या माणसाला ते पाच मिनिटांत कळेल. ‘एक ते पंधरा ते एक’ अशी रांगोळी आठवा. एक ठिपका, खाली तीन, मग पाच, सात, असं वाढत पंधरा, आणि पुन्हा उतरत एक. शंकरपाळ्यासारखा आकार तयार होतो. विषम संख्या का? कारण प्रत्येक ओळीला मधला ठिपका मिळतो आणि तो सगळ्या ओळींत एकाखाली एक येतो. कोगिनमध्ये ठिपक्यांच्या जागी कापडाचे उभे धागे मोजतात. सुई आडवी जाते. एका ओळीत एक धागा उचलायचा, पुढच्या ओळीत तीन, मग पाच, सात. चुकलं की मधला धागा सरकतो आणि पुढची सगळी नक्षी वाकडी. कागदावर काही आखलेलं नसतं. कापडाची वीण हाच चौकटीचा कागद.

शेजारच्या नान्बु भागात याचीच बहीण आहे, हिशिझाशी. तिथे सम संख्या मोजतात, दोन, चार, सहा. कोगिनचा शंकरपाळा उभट असतो, हिशिझाशीचा आडवा पसरट. एकाच प्रांतातल्या या दोन बाजू, पण त्यांची मोजणी वेगळी. आपल्याकडे दोन गावांत भाकरीची जाडी बदलते तसं.

या छोट्या शंकरपाळ्यांना त्सुगारुच्या बोलीत नावं आहेत. मामेको म्हणजे दाणा, घेवड्याचा वगैरे. हानाको म्हणजे फूल. तेकोना म्हणजे फुलपाखरू. फुकुबे म्हणजे भोपळा. नेकोमानाकु म्हणजे मांजराचा डोळा. शेवटी येणारा तो ‘को’ तिथल्या बोलीतला लाडाचा प्रत्यय, आपल्या ‘सानुली’, ‘सोनुली’मधल्या ‘उली’सारखा. राजवाड्यात कुणी नक्षीला असं नाव देणार नाही. हे परसात, चुलीपाशी बसून ठेवलेलं नाव आहे.

१८९१ मध्ये रेल्वे तोक्योहून थेट आओमोरीपर्यंत पोचली. स्वस्त सुती कापड आलं आणि कोगिन घालायची गरजच संपली. एका पिढीत हात थांबले. पुढे लोककलेच्या चळवळीचे प्रणेते यानागी सोएत्सु यांनी १९३२ मध्ये आपल्या मासिकात कोगिनचं भरभरून कौतुक केलं, तेव्हा शहरी लोकांचं लक्ष गेलं. आज हिरोसाकी गावात कोगिनची संस्था आहे. तिची इमारत मायेकावा कुनियो या वास्तुविशारदाची, १९३२ सालची, तो ल कॉर्बुझिएच्या हाताखाली पॅरिसमध्ये शिकून आला होता. ल कॉर्बुझिए म्हणजे आपलं चंदीगड रचणारा. म्हणजे शेतकरणींची सुई आणि चंदीगडच्या काँक्रिटची आतेबहीण एका छपराखाली. (विषयांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

कोगिनला पारखी भेटला, चिंध्यांना भेटायला आणखी वेळ लागला. पुन्हा पुन्हा ठिगळं लावून टाचलेल्या कापडाला ‘बोरो’ म्हणतात. शब्दाचा अर्थच लक्तरं. ज्यांच्या घरात होते त्यांना त्याची लाज वाटे, पाहुणे आले की लपवत. तानाका चुझाबुरो नावाच्या आओमोरीच्या गृहस्थांनी गावोगाव हिंडून ही लक्तरं आणि साशिकोचे कपडे गोळा केले. त्यांच्या संग्रहातल्या ७८६ कपड्यांना १९८३ मध्ये जपान सरकारने महत्त्वाचा लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. तिकडची एक जुनी समजूत सांगतात, की अझुकीचे तीन दाणे बांधता येतील एवढंही कापड टाकू नये. अझुकी म्हणजे आपल्या चवळीपेक्षा बारीक, लाल दाणा. तो तीनदा ठेवून बघा. साधारण बसच्या तिकिटाएवढा तुकडा लागतो.

आपल्या आज्या जुन्या लुगड्यांना दांड घालत, त्याच लुगड्याची पुढे गोधडी होई आणि गोधडीचं शेवटी पायपुसणं. त्यामुळे हा विचार मराठी घराला शिकवायची गरज नाही. फरक आहे तो एवढाच, की आपण ती गोधडी म्युझियमात ठेवली नाही.

आता प्रत्यक्ष पिशवी. पहिल्या खेपेला कोगिन घेऊ नका. धागे मोजता येतील असं कापड लागतं आणि डोळे लागतात. हितोमेझाशी घ्या, म्हणजे ‘एका टाक्याची’ साशिको. कापडावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक रेषेवर एक टाका वर, एक टाका खाली, एवढंच. नक्षी येते कुठून? तर ओळ सुरू कशी केली त्यावरून. चौकटीच्या सगळ्या आडव्या आणि उभ्या ओळी एकाच पद्धतीने, सुलट टाक्याने सुरू केल्या तर सुटे सुटे चौकोन तयार होतात. एक ओळ सुलट, पुढची उलट, असं एकाआड एक केलं तर कापडभर जिने उतरतात. सुलट-उलटचा क्रम आणखी बदलला की नवीनच आकार, त्यातला एक ‘पर्सिमॉनचं फूल’ म्हणून प्रसिद्ध आहे. आडव्या ओळी भरून होईपर्यंत काही दिसत नाही. नुसती रांग-रांग. उभ्या ओळींची तिसरी-चौथी रेघ आली की अचानक फूल उमटतं. माझ्या सासूबाई टीव्ही बघत शेजारी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगो, हे आत्ता इथे नव्हतं."

माझी आवडती आहे कोमेझाशी. तांदळाची नक्षी. आधी आडवे टाके, मग त्यांच्या मधून उभे, म्हणजे अधिक चिन्हं तयार झाली. मग दोन्ही तिरपे. आकार होतो ‘米’, जे जपानी लिपीत तांदळाचं अक्षर आहे. या अक्षराची फोड ‘आठ-दहा-आठ’ अशी करता येते, म्हणजे ८८, आणि लोक म्हणतात की तांदळाच्या एका दाण्यामागे शेतकऱ्याचे ८८ कष्ट असतात. तांदळाच्या पिशवीवर तांदळाचंच अक्षर. १५ सेंमी चौरसात एक-एक सेंमीवर ही चिन्हं घातली तर २२५ होतात, प्रत्येकी ४ टाके, म्हणजे ९००. मला चार संध्याकाळी लागल्या, आणि त्यातली एक उसवण्यात गेली.

टाक्याचं प्रमाण महत्त्वाचं. वरून दिसणारा टाका मोठा, मागचा लहान, साधारण तीनास दोन. वर ६ मिलिमीटर तर मागे ४. सगळे टाके हुबेहूब सारखे असण्यापेक्षा हे प्रमाण सगळीकडे टिकणं जास्त दिसतं. जिथे अनेक रेषा एका बिंदूत मिळतात, उदाहरणार्थ आसानोहा या ताऱ्यासारख्या नक्षीत, तिथे मधला बिंदू मोकळा सोडतात. सगळे दोरे त्याच भोकात घुसवले तर तिथे गठ्ठा होतो. कोमेझाशीतही मधोमध चार टाके एकमेकांवर येतात, म्हणून शेवटच्या तिरप्या टाक्याला हात हलका ठेवायचा.

आसानोहाचं नाव आलंच आहे तर, ते वाखाच्या झाडाचं पान. झाड सरळ आणि भराभर वाढतं, म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यावर ती नक्षी. लाटांची ती सेइगाइहा. एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची शिप्पो. सायागाता नावाची एक नक्षी आहे, तिच्याकडे जरा तिरपं बघा, जोडलेले स्वस्तिक आहेत. बुद्धाबरोबर इथूनच तिकडे गेलेलं चिन्ह.

सुई लांब घ्या. साशिकोत सुई फारशी हलत नाही, कापड हलतं. उजव्या हाताने सुई स्थिर धरायची, डाव्या हाताने कापड वर-खाली झुलवत तिच्यावर चढवायचं, चार-पाच टाके एकदम सुईवर गोळा झाले की ओढायचं. तळहाताला धातूचं नाहीतर चामड्याचं कवच बांधतात, सुईचं डोकं त्यावर टेकतं. आपलं बोटातलं अंगुस्तान इथे कामाचं नाही. दोरा ओढून झाला की पुढचं काम विसरू नका. अंगठा आणि तर्जनीने टाक्यांवरून कापड हलकेच ताणत न्यायचं, म्हणजे आत अडकलेली चुणी सुटते. मी पहिल्या पिशवीला हे केलं नाही. २० सेंमीचं कापड साडेअठरा झालं, आणि अस्तर २० चंच राहिलं. ती पिशवी अजून आहे. कांदे-बटाटे ठेवायला.

गाठ मारत नाहीत. पहिले दोन-तीन टाके उलट दिशेने घालून मग त्यांच्यावरूनच परत यायचं, दोरा स्वतःलाच धरतो. एका ओळीतून दुसरीत जाताना मागे दोरा किंचित सैल ठेवायचा. साशिकोचा खास दोरा कमी पिळाचा आणि चमक नसलेला असतो. तो मिळाला नाही तर जाडसर पर्ल कॉटन चालतो. सहा पदरी भरतकामाच्या लडीने काम होतं, पण पदर सुटे होऊन टाका चपटा दिसतो.

पारंपरिक निळं कापड नैसर्गिक निळीत बुडवलेलं असतं. तिकडची नीळ आपल्या नीळीच्या झुडपाची नाही. एका वेगळ्या रोपाची पानं कुजवून ती करतात, आणि शिकोकु बेटावरचा आवा हा भाग त्यासाठी नावाजलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला भारतातून गेलेल्या नीळीने तिचा बाजार खाल्ला, आणि पाठोपाठ जर्मन रासायनिक नीळीने दोघींचाही. कापड कुठलंही असो, आधी धुऊन आटवून घ्या. नाहीतर पांढरा दोरा पहिल्याच धुण्यात फिक्कट निळा.

माप सांगते. तयार पिशवी १८ सेंमी रुंद, २२ सेंमी उंच हवी असेल तर कापड २० बाय ५२ कापा. भरतकाम आधी, शिवण नंतर. कडेला दीड सेंमी कोरं सोडा, टाके शिवणीत चेपले की तिथे उंचवटा येतो. कापड मध्ये दुमडून, सुलट बाजू आत, दोन्ही कडा शिवा, पण वरचे ७ सेंमी दोन्हीकडे मोकळे ठेवा. तेवढ्या भागातली दोन्ही कडांची दुमड मागे टाचून घ्या. मग वरची कड १ सेंमी आणि पुन्हा ३ सेंमी दुमडली की नेफा झाला, आणि कडेच्या मोकळ्या फटी बरोबर नेफ्याच्या तोंडाशी आल्या. तळाचे दोन कोपरे त्रिकोणी चिमटून आडवी शिवण घातली की पिशवी उभी राहते. ६० सेंमीच्या दोन दोऱ्या. अस्तर लावाच. ते शोभेसाठी नाही, मागचे सैल दोरे किल्ल्यांना, कानातल्यांना अडकतात म्हणून.

विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मी एकदा ‘हातभरताची जपानी पिशवी’ म्हणून चांगले पैसे मोजून मागवली. आली ती मशिनची. पटकन कळेल अशी खूण म्हणजे मागची बाजू. हातच्या साशिकोत मागेही सुटे टाके असतात, फक्त जरा लहान. मशिनच्या कामात मागे बहुतेकदा दुसरा दोरा सलग धावताना दिसतो. अस्तर शिवून बंद केलेलं असेल तर विक्रेत्याकडे आतला फोटो मागा. नुसती छापील नक्षी विकणारेही आहेत. छापील घ्यायला हरकत नाही, किंमत छापिलाची द्या.

अजून एक टाका राहिला, माझा सगळ्यात लाडका. तान्ह्या बाळाचा किमोनो इतका लहान असतो की तो कापडाच्या एकाच पन्ह्यात बसतो, पाठीवर मधली शिवण येत नाही. मोठ्यांच्या पाठीवर ती असते. जुन्या समजुतीप्रमाणे ही शिवण म्हणजे पाठीचा डोळा, मागून येणाऱ्या वाईटावर तो नजर ठेवतो. बाळाला डोळाच नाही, म्हणून आई तिथे रंगीत दोऱ्याने काही टाके घालायची. त्याला सेमामोरी म्हणतात, पाठीचा रखवालदार. आपली गालावरची काळी तीट बघणाऱ्याची नजर चुकवते, हे टाके स्वतःच नजर ठेवतात. टाके झाले की दोरा कापायचा नाही, टोक लोंबत ठेवायचं. बाळ चुलीत नाहीतर विहिरीत पडायला लागलं तर देवाला धरायला काहीतरी हवं.

बहिणीच्या मुलासाठी मी कपाची पिशवी करून पाठवली. मोजून, त्यांच्या शाळेच्या मापाची. पुढच्या बाजूला कोमेझाशी, आणि मागे वरच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे पाच टाके, टोक दोन इंच लोंबतं. चिठ्ठीत काही लिहिलं नाही, म्हटलं फोनवर सांगू.

मावशी तेव्हा तिकडेच गेली होती. पार्सल तिनेच उघडलं. रात्री व्हिडिओ कॉलवर पिशवी दाखवत म्हणाली, "छान झालीय हो. फक्त मागे एक दोरा राहिला होता तुझा लोंबता, मी कात्रीने छाटून टाकला."